अर्जदाराला चूक ठरवण्याआधी अर्ज तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेश, शिष्यवृत्ती आणि भरतीचे ऑनलाइन अर्ज सुरू झाले की एक तक्रार हमखास कानी येते : 'अर्ज पुढे सरकतच नाही.' त्यावर मिळणारी उत्तरेही दोनच. एक तर सर्व्हरवर ताण आहे, नाहीतर अर्जदाराने माहिती चुकीची भरली. असे अर्ज बांधण्याचे काम आम्ही करतो. म्हणून या दोन्ही उत्तरांआड राहून जाणारे तिसरे कारण मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. रकान्यात आलेली माहिती तपासण्याचा आणि चूक सापडली तर ती अर्जदाराला समजेल अशी सांगण्याचा भागच कित्येकदा अर्धवट बांधलेला असतो. त्यासाठी लागणारी सगळी अवजारे जँगो, लाराव्हेल, रूबी ऑन रेल्स, स्प्रिंग या फ्रेमवर्कांमध्ये, म्हणजे संकेतस्थळ बांधण्याच्या आयत्या सांगाड्यांमध्ये, तयार आणि फुकट मिळतात. काम करून घेणारी संस्था मात्र ती मागत नाही, आणि काम ताब्यात घेताना कोणी तपासत नाही.

सुरुवात नावापासून करू, कारण मराठी माणसाचा अर्ज सर्वांत आधी तिथेच अडतो. नावाच्या रकान्यात 'फक्त अक्षरे' चालावीत म्हणून प्रोग्रामर रेजेक्समध्ये, म्हणजे मजकुराचा साचा तपासणाऱ्या नियमात, अक्षराची तयार खूण वापरतो, बॅकस्लॅश आणि डब्ल्यू. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत या खुणेचा अर्थ इंग्रजी अक्षरे, आकडे आणि अधोरेखा एवढाच, त्यामुळे देवनागरी तिथे सरसकट नापास होते. सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या पायथन या भाषेत प्रकार जास्त फसवा आहे. तिथे क, म, ल ही अक्षरे ठरतात, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलंत ही युनिकोडच्या, म्हणजे लिप्यांमधल्या प्रत्येक खुणेला क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या, हिशेबात 'चिन्हे' असतात, अक्षरे नव्हेत. परिणामी कमल, मदन, शरद, गगन ही नावे पास होतात, तर कविता, सुनील, रोहिणी नापास. चाचणी घेणाऱ्याने 'कमल' टाकून पाहिले आणि मराठी चालते असा शेरा मारला, असे सहज घडू शकते. ज्या भाषांत रेजेक्सला युनिकोडचे वर्ग समजतात तिथे 'अक्षर' आणि 'चिन्ह' हे दोन्ही वर्ग मान्य करावेत. पायथनच्या मूळ रेजेक्समध्ये ती सोय नाही, म्हणून तिथे देवनागरीचा पट्टा, यू+०९०० ते यू+०९७एफ, थेट लिहावा.

पट्टा लिहूनही काम संपत नाही. कऱ्हाड, गोऱ्हे, कुऱ्हाडे यांतला ऱ तीन प्रकारे टाइप होऊन येतो : ऱ या एकाच संकेताने (युनिकोडमधल्या एका क्रमांकाने), र आणि नुक्ता (खालचे टिंब) अशा दोन संकेतांनी, किंवा र, हलंत आणि न दिसणारे जोडचिन्ह, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, वापरून. 'अदृश्य चिन्हे काढून टाका' अशी सरसकट सफाई केली की तिसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या कऱ्हाडचे कर्हाड होते. पहिले दोन प्रकार एनएफसी सामान्यीकरणाने, म्हणजे एकाच खुणेच्या वेगळ्या लिखाणांना एक रूप देण्याच्या युनिकोडच्या पद्धतीने, एक होतात आणि पायथनमध्ये ते एका ओळीचे काम आहे. तिसरा प्रकार स्वतः बदलून घ्यावा लागतो. 'ॲ'चेही तसेच : एकच संकेत, किंवा अ आणि वर चंद्र. दिसायला दोन्ही सारखे, पण एनएफसी त्यांना एक मानत नाही. अर्जात एक आणि गुणपत्रिकेच्या नोंदीत दुसरा असेल तर 'नाव जुळत नाही' असा संदेश येतो आणि अर्जदाराला दोन्ही नावे डोळ्यांनी तंतोतंत सारखी दिसतात. त्याने करायचे काय? तपासणीआधी हे संकेत एका रूपात आणणे ही प्रणालीची जबाबदारी आहे.

लांबीची मर्यादा हा आणखी एक सापळा. 'ज्ञानेश्वर' वाचताना चार अक्षरे दिसतात, पण युनिकोडचे संकेत भरतात दहा, आणि यूटीएफ-८ या पद्धतीने साठवताना बाइट, म्हणजे साठवणीची एकके, लागतात तीस. ओरॅकल या डेटाबेसच्या टेबलात हाताने ३० लांबीचा स्तंभ केला तर ती मर्यादा मुळात बाइटची धरली जाते. म्हणजे ज्ञानेश्वर जेमतेम मावतो आणि ज्ञानेश्वरी मावत नाही. जँगोचा अक्षर-रकाना संकेत मोजतो, त्यामुळे फॉर्म अकरा संकेतांना हरकत घेत नाही आणि चूक थेट डेटाबेसमध्ये फुटते. अर्जदाराला दिसते ते 'इंटर्नल सर्व्हर एरर'. याहून वाईट प्रकार मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये होतो : कडक मोड (न मावणारा मजकूर नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर जास्तीचा मजकूर गुपचूप कापला जातो आणि तुटके नाव प्रवेशपत्रावर छापले जाते. हा कडक मोड ५.७ आवृत्तीपासून मूळचाच चालू असतो. जुना कोड चालावा म्हणून कोणी तो बंद करत असेल तर त्याला थांबवा.

नावाचे रकाने किती, हाही तपासणीचाच प्रश्न. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव असे तीनही सक्तीचे केले की एकच नाव लावणाऱ्याला टिंबे टाकावी लागतात. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम ठरला आहे. ही मुले बालवाडीच्या अर्जापर्यंत पोचतील तेव्हा तीन रकान्यांचे साचे अपुरे पडतील. वसई आणि गोव्यातली डिसोझा, डिसिल्वा मंडळी इंग्रजी स्पेलिंगमध्ये अपॉस्ट्रॉफी लिहितात. आयफोनचा कीबोर्ड सरळ चिन्हाऐवजी वळणदार चिन्ह टाकतो, म्हणून दोन्ही चालली पाहिजेत. आद्याक्षरांनंतरचे टिंब आणि दोन आडनावांमधली आडवी रेघही चालली पाहिजे.

आता आकडे. मराठी कीबोर्डवरून मोबाइल क्रमांक देवनागरी आकड्यांत लिहिला गेला तर ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट तो नाकारते, कारण तिच्या लेखी अंक म्हणजे इंग्रजी शून्य ते नऊ. सर्व्हरवरचे पायथन मात्र तोच क्रमांक स्वीकारते, कारण तिथे अंकाच्या खुणेत देवनागरी आकडेही बसतात. एकाच नियमाची दोन ठिकाणी दोन उत्तरे! आणि ब्राउझरची तपासणी चुकवून तो क्रमांक आत गेला तर ओटीपी पाठवणारी यंत्रणा पुढे अडते. यावर उपाय सोपा आहे : आधी सफाई, मग तपासणी. सर्व्हरवर आल्याबरोबर ० ते ९ हे देवनागरी आकडे इंग्रजीत बदलावेत, मधल्या मोकळ्या जागा आणि रेघा काढाव्यात, बारा अंक असून सुरुवातीला ९१ असेल किंवा अकरा असून सुरुवातीला शून्य असेल तर तेवढा भाग सोडावा. उरलेले दहा अंक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात का, हे मग बघावे. अर्जदाराने +९१ लिहिले म्हणून त्याला परत पाठवणे म्हणजे आपले काम त्याच्या गळ्यात मारणे आहे. मोबाइल आणि पिनकोडसाठी ब्राउझरचा 'नंबर' प्रकारचा रकानाही वापरू नये. त्यात देवनागरी आकडे टिकत नाहीत, आणि माउसचे चाक फिरले तर आकडा बदलू शकतो. साधा मजकुराचा रकाना ठेवून त्यावर अंकांचा कीबोर्ड उघडण्याची सूचना द्यावी.

रेजेक्सने तपासताना शेवटाची खूण म्हणून डॉलर लिहिण्याची सवय पायथनमध्ये सोडावी. डॉलर शेवटच्या 'नव्या ओळी'च्या आधीही जुळतो, म्हणजे सहा अंक आणि एक एंटर असा पिनकोडही पास होतो. पायथनवर बांधलेल्या खुद्द जँगोच्या तयार तपासण्यांत हाच दोष होता आणि जुलै २०१५ मध्ये १.८.३ आवृत्तीत तो सुरक्षेची त्रुटी म्हणून दुरुस्त झाला. बॅकस्लॅश आणि मोठा झेड ही खूण मजकुराच्या अगदी शेवटालाच जुळते.

काही क्रमांकांची रचनाच तपासणीला मदत करते आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. आधारचा बारावा अंक व्हेरहूफ पद्धतीचा तपासणी-अंक असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही पद्धत प्रत्येक वेळी पकडते. यासाठी कुठल्याही बाहेरच्या सेवेला विचारावे लागत नाही, दोन छोटे तक्ते आणि दहा-बारा ओळींचा कोड पुरतो. आयएफएससी अकरा खुणांचा असतो : पहिली चार अक्षरे, पाचवा नेहमी शून्य, मग सहा अक्षरे किंवा अंक. लोक पाचव्या जागी इंग्रजी ओ लिहितात. तिथे दुसरे काही असूच शकत नाही, मग ओचा शून्य करून पुढे जावे, अर्ज अडवू नये. पॅनमध्ये पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर, आणि चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते. व्यक्तीसाठी ते पी असते. विद्यार्थ्याच्या अर्जात कंपनीचा पॅन आला तर तो तिथेच कळतो.

तारखांबद्दल जरा थांबून सांगायला हवे, कारण इथली चूक दिसत नाही. जँगोची भाषा अमेरिकन इंग्रजी ठेवली, आणि प्रकल्प सुरू करताना ती मुळात तशीच असते, तर तिरप्या रेघांची तारीख महिना-दिवस-वर्ष अशी वाचली जाते. २५/०४/२००८ ही तारीख नाकारली जाते, हे एक वेळ बरे. पण ०३/०४/२००८ म्हणजे ३ एप्रिल, ती ४ मार्च म्हणून बिनबोभाट साठवली जाते. वर्षातल्या ज्या १४४ तारखांचा दिवस बारापर्यंतचा असतो, त्यांपैकी दिवस आणि महिना सारखा असलेल्या १२ सोडल्या तर १३२ तारखा अशा उलटतात. वयाची अट असलेल्या अर्जात याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. तारखेच्या रकान्याला दिवस-महिना-वर्ष हा नमुना स्पष्ट द्यावा, नाहीतर दिवस, महिन्याचे नाव आणि वर्ष अशा तीन याद्या ठेवाव्यात.

अंतिम मुदतीचेही बघा. जँगोच्या नव्या प्रकल्पात घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, असते. ते आशिया/कोलकाता केले नाही तर ३१ जुलैची मुदत भारतात १ ऑगस्टच्या पहाटे साडेपाचला संपते, आणि १ जुलैला मध्यरात्री उघडायचा अर्ज पहाटे साडेपाचपर्यंत बंद दिसतो. सेटिंग बदलूनही 'आत्ताची वेळ' घेऊन तिच्यातून तारीख काढली तर ती यूटीसीचीच येते. स्थानिक तारीख देणारे वेगळे फंक्शन जँगोत आहे, ते वापरावे.

हे सगळे तपासायचे कुठे? सर्व्हरवर. ब्राउझरमधली तपासणी ही अर्जदाराची सोय आहे, तिला पहारा समजू नये. जावास्क्रिप्ट बंद करून किंवा विनंती हाताने बनवून कोणीही ती ओलांडू शकतो. शुल्काची रक्कम लपवलेल्या रकान्यात ठेवून तीच परत वाचणारे अर्ज बांधणे म्हणजे दर ठरवण्याचा अधिकार अर्जदाराला देणे आहे. रक्कम प्रवर्गावरून सर्व्हरनेच काढावी. तसेच अर्जातून कोणते रकाने स्वीकारायचे याची यादी नावानिशी द्यावी. जँगोत 'सर्व रकाने' असे एका शब्दात लिहिता येते आणि मग 'अर्ज मंजूर' हा रकानाही बाहेरून भरता येऊ शकतो. मार्च २०१२ मध्ये गिटहबवर (कोड ठेवण्याच्या, रेल्सवर बांधलेल्या संकेतस्थळावर) याच प्रकारच्या त्रुटीतून एका वापरकर्त्याने दुसऱ्याच्या प्रकल्पात आपली प्रवेशाची चावी घुसवून दाखवली होती. त्यानंतर रेल्सच्या चौथ्या आवृत्तीत परवानगी दिलेल्या रकान्यांची यादी देणे हीच मूळ पद्धत झाली.

जँगोत तपासणीचा क्रम ठरलेला आहे. फॉर्मला 'इज-व्हॅलिड' विचारले की प्रत्येक रकाना आधी योग्य प्रकारात बदलला जातो, मग सक्तीचा आहे का ते पाहिले जाते, मग नियम लागतात, मग त्या रकान्यासाठी लिहिलेले खास 'क्लीन' (तपासणीचे फंक्शन) चालते आणि सर्वांत शेवटी पूर्ण फॉर्मचे 'क्लीन'. दोन रकान्यांचा मेळ, उदाहरणार्थ जन्मवर्ष आणि दहावी उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, या शेवटच्या पायरीवर बघायचा असतो. इथे एक चूक वारंवार होते. आधी नापास झालेला रकाना स्वच्छ माहितीच्या संग्रहातून वगळला जातो. तरी प्रोग्रामर तो तिथे असणारच असे धरून थेट नावाने मागतो. म्हणजे अर्जदाराने जन्मतारीख चुकीची लिहिली, तर 'तारीख चुकली' असे सांगण्याऐवजी पानच कोसळते. 'गेट'ने, म्हणजे रकाना नसला तर रिकामे उत्तर देणाऱ्या पद्धतीने, मागावे, रिकामे आले तर मेळ तपासू नये, एवढेच करायचे असते. चूक कळवतानाही ती त्या रकान्याच्या नावे नोंदवावी, नाहीतर ती पानाच्या माथ्यावर अनाथ उभी राहते.

दुसरा गैरसमज : मॉडेलवर, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदीच्या व्याख्येवर, नियम लिहिले म्हणजे सगळीकडे लागू झाले. जँगोचे 'सेव्ह' मॉडेलची तपासणी आपणहून करत नाही, आणि एकगठ्ठा नोंदी टाकणारे फंक्शनही करत नाही. फॉर्ममधून आलेले अर्ज तपासले जातात, पण कार्यालयाने एक्सेलमधून चढवलेली यादी न तपासता आत जाते. पुढे तीच यादी अर्जदाराच्या माहितीशी जुळत नाही, तेव्हा दोष पुन्हा अर्जदाराचा ठरतो. आयात करणाऱ्या कोडमध्ये 'फुल-क्लीन' हे पूर्ण तपासणीचे फंक्शन हाताने बोलवावे आणि चुकलेल्या ओळी क्रमांकासह कार्यालयाला परत द्याव्यात.

'हा अर्ज आधीच भरला आहे' ही तपासणी फक्त फॉर्ममध्ये ठेवून भागत नाही. नेटवर्क मंद असते, माणूस बटण दोनदा दाबतो, दोन विनंत्या एकाच क्षणी पोचतात, दोघींनाही डेटाबेसमध्ये आधीची नोंद दिसत नाही आणि दोन अर्ज तयार होतात. यावर खात्रीचा उपाय म्हणजे डेटाबेसमध्येच एकमेवतेचे बंधन. ते घातले की दुसरी विनंती डेटाबेस नाकारतो, आणि ती चूक पकडून अर्जदाराला आधीच्या अर्जाचा क्रमांक दाखवायचा. पकडण्याची जागा मात्र महत्त्वाची. 'ॲटॉमिक' गटाच्या, म्हणजे सगळ्या व्हाव्यात किंवा एकही होऊ नये अशा आज्ञांच्या गटाच्या, आत चूक गिळली तर पोस्टग्रेस हा डेटाबेस तो सारा व्यवहार निकामी झाला असे मानतो आणि पुढची प्रत्येक आज्ञा नाकारतो. म्हणून चूक पकडणारा 'ट्राय' बाहेर, 'ॲटॉमिक' आत. यशस्वी अर्जानंतर तेच पान न दाखवता दुसऱ्या पानावर पाठवावे, म्हणजे रिफ्रेश केल्याने अर्ज पुन्हा जात नाही.

शुल्क भरताना पैसे कापले गेले आणि अर्ज क्रमांक मिळाला नाही, ही तक्रारही इथलीच. पैशाच्या पानाकडे पाठवण्याआधी 'शुल्क बाकी' अशा स्थितीत अर्जाची नोंद आणि व्यवहाराचा एकमेव क्रमांक तयार असला पाहिजे. अर्जदाराचा ब्राउझर परत येईल यावर विसंबू नये. पेमेंट गेटवे सर्व्हरला थेट कळवतो तो निरोप सही तपासून नोंदवावा, तोच निरोप दोनदा आला तरी परिणाम एकदाच व्हावा आणि अडकलेल्या व्यवहारांची स्थिती ठरावीक वेळाने आपणहून विचारावी.

फोटो आणि दाखले चढवताना चूक फ्रेमवर्कपर्यंत पोचतच नाही, असेही होते. एन्जिनएक्स या वेबसर्व्हरमध्ये विनंतीची मूळ मर्यादा एक एमबी आहे. त्याहून मोठी फाइल आली की तो इंग्रजीत ४१३ क्रमांकाची चूक दाखवून मोकळा होतो, आणि आपण मेहनतीने लिहिलेला मराठी संदेश कोणाला दिसत नाही. पीएचपी या भाषेत एका फाइलची मूळ मर्यादा दोन एमबी आणि पूर्ण अर्जाची आठ एमबी असते. आठ ओलांडले की साध्या पीएचपीत अर्जाचे सगळे रकाने रिकामे पोचतात. अर्जदाराने चाळीस रकाने भरलेले असतात आणि उत्तर येते, 'नाव आवश्यक आहे, पत्ता आवश्यक आहे, जन्मतारीख आवश्यक आहे…' या मर्यादा एकमेकींशी जुळवून घ्याव्यात : सर्व्हरची सर्वांत मोठी, त्याखाली भाषेची, त्याखाली फॉर्मची, म्हणजे बोलण्याची संधी फॉर्मला मिळते. फाइलचा प्रकार नावाच्या शेपटीवरून ठरवू नये. पीडीएफची सुरुवात टक्का चिन्ह आणि पीडीएफ या अक्षरांनी होते, जेपेगची ठरावीक तीन बाइटनी. आयफोनचा फोटो एचईआयसी प्रकारचा असू शकतो, तो सर्व्हरवरच जेपेग करून घ्यावा. 'फोटो २० ते ५० केबी' अशी अट घालून लोकांना सायबर कॅफेत पाठवण्यापेक्षा मोठा फोटो घेऊन सर्व्हरने लहान केला तर काय बिघडते? आणि एक लक्षात ठेवावे : दुसऱ्या रकान्यात चूक झाल्यावर फॉर्म पुन्हा दाखवला, तरी निवडलेली फाइल ब्राउझर सुरक्षेसाठी पुन्हा भरू देत नाही. त्यामुळे फाइल वेगळ्या पायरीवर घ्यावी किंवा आलेली तात्पुरती जपून ठेवावी.

बाकीचे सगळे रकाने मात्र जसेच्या तसे परत दिसलेच पाहिजेत. जँगोत तोच भरलेला फॉर्म पुन्हा दाखवला की हे आपोआप होते. लाराव्हेल आधीची माहिती सेशनमध्ये (त्या भेटीपुरत्या साठवणीत) ठेवून परत पाठवतो आणि ती 'ओल्ड' या फंक्शनने भरायची असते. तरीही चूक झाल्यावर कोरा फॉर्म समोर येत असेल, तर ते बांधणाऱ्याने फ्रेमवर्कची सोय मोडल्यामुळे.

बटण दाबले आणि काहीच झाले नाही, या प्रकाराचे एक नेमके कारण सांगतो. प्रवर्ग 'खुला' निवडल्यावर जात प्रमाणपत्राचा रकाना लपवला जातो, पण त्यावरची सक्तीची खूण तशीच राहते. ब्राउझर रिकाम्या रकान्याकडे बोट दाखवू पाहतो, तो रकाना दिसत नसतो, म्हणून अर्ज अडतो आणि संदेशही उमटत नाही. लपवताना सक्ती काढा, दाखवताना पुन्हा लावा, आणि खरी अट सर्व्हरवर प्रवर्ग पाहून तपासा.

अर्ज उघडा ठेवून दुसऱ्या टॅबमध्ये लॉगिन केले तर जँगो सुरक्षेचे टोकन (अर्ज आपल्याच पानावरून आला हे ओळखण्याची खूण) बदलतो आणि पहिल्या टॅबमधला अर्ज ४०३, म्हणजे 'परवानगी नाही' ही चूक, देऊन परत येतो. त्या पानाचा मूळ मजकूर प्रोग्रामरसाठी लिहिलेला आहे. तिथे स्वतःचे पान लावून 'आपले सत्र बदलले आहे, पान पुन्हा उघडून अर्ज पाठवा' असे सांगावे, आणि दर काही मिनिटांनी मसुदा जपावा.

संदेशाची भाषा हा आम्हाला सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा. 'इनव्हॅलिड इनपुट' किंवा त्याचे 'अवैध निविष्टी' हे दोन्ही निरुपयोगी. 'पिनकोड ६ अंकी हवा. आपण ५ अंक लिहिले आहेत.' 'आयएफएससीमध्ये ११ खुणा असतात. पासबुकाच्या पहिल्या पानावर पाहा.' कोणता रकाना, काय चुकले, आता काय करायचे, हे तीनही त्यात हवे. फ्रेमवर्कच्या तयार भाषांतरावर न विसंबता प्रत्येक रकान्याचा संदेश मराठीत स्वतः लिहावा. जँगो, लाराव्हेल दोन्हींत ही सोय आहे. संदेश रकान्याला लागून दिसावा. नुसती लाल चौकट रंगांधळ्या माणसाला कळत नाही आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही कळत नाही, म्हणून संदेश रकान्याशी एरियाच्या (अपंगांना वेबपाने वापरता यावीत यासाठीच्या प्रमाणाच्या) खुणांनी जोडावा. चुका एकेक करून सांगू नयेत, सगळ्या एकदम सांगाव्यात, नाहीतर माणूस सात वेळा बटण दाबतो. आणि 'तुम्ही चुकीची माहिती दिली' असा आरोपाचा सूर नको.

जे आपल्या हातचे नाही ते कोसळणारच. तेव्हासाठी तीन गोष्टी. पहिली, डीबग मोड (बांधणाऱ्याला चूक सविस्तर दाखवण्याची सोय) बंद. तो चालू राहिला तर चूक दाखवणारे पान कोडच्या ओळी आणि आतल्या सेटिंग्ज जगाला दाखवते. दुसरी, ५०० चे, म्हणजे सर्व्हरवर चूक फुटल्यावरचे, पान अगदी साधे असावे. जँगो ते पान कोणतीही माहिती न देता रंगवतो, म्हणून त्यात वापरकर्त्याचे नाव किंवा मेनू मागू नये. एक संदर्भ क्रमांक, वेळ आणि मदतीचा दूरध्वनी पुरे, आणि तोच क्रमांक लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) हवा. तिसरी, चूक कळवणाऱ्या अहवालात अर्जाचा मजकूरही जातो. आधार, बँक खाते, मोबाइल हे रकाने अहवालात झाकण्याची सोय जँगोत एका ओळीची आहे, पण ती लावावी लागते, आपोआप लागत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाल्यावर तर हे टाळण्याला कारणच उरत नाही.

संस्थांना आमची विनंती अशी आहे की काम ताब्यात घेण्याआधी, शेवटचा हप्ता देण्याआधी, कार्यालयातल्याच दोघांनी अर्धा दिवस बसून पुढील गोष्टी करून पाहाव्यात आणि निविदेत तशी अट आधीच लिहावी. नावात कविता, गोऱ्हे, ज्ञानेश्वरी आणि अपॉस्ट्रॉफीसह डिसोझा लिहा. मोबाइल देवनागरी आकड्यांत, मग +९१ लावून. जन्मतारीख ०३/०४/२००८ लिहून छापील अर्जात कोणता महिना येतो ते बघा, मग ३१ जून लिहा. पिनकोड पाच अंकी. फोटो दहा एमबीचा. एकाच वेळी पाच रकाने चुकवा आणि पाचही संदेश दिसतात का, उरलेली माहिती टिकते का ते पाहा. पाठवा बटण झटपट तीनदा दाबा आणि यादीत किती अर्ज आले ते मोजा. जावास्क्रिप्ट बंद करून हेच सारे पुन्हा करा. पैसे भरल्यावर ब्राउझर लगेच बंद करा आणि पंधरा मिनिटांनी अर्जाची स्थिती तपासा. शेवटी हे सर्व एकदा साध्या अँड्रॉइड फोनवर, मराठी कीबोर्ड लावून करा, कारण बरेच अर्ज तिथूनच भरले जातात.

आपले नम्र,
ऑनलाइन अर्जप्रणाली बांधणारे काही प्रोग्रामर, पुणे